व्हिस्कीच्या आसवनीत सांडपाण्याचा पुनर्वापर: संमतीपत्रासाठी अर्ज कसा करावा

भारतात माल्ट किंवा धान्यापासून व्हिस्की करणाऱ्या आसवनीला सांडपाणी पुन्हा वापरायचं असेल, तर नुसती पाइपलाइन फिरवून चालत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 25 खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं.

नवी आसवनी असेल तर उत्पादनाआधी ‘कन्सेंट टू ऑपरेट’ (चालवण्याची संमती) घ्यायचं. पूर्वी बांधकामाआधी ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ही (उभारणीची संमती) लागायचं; 2024 मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरी घेतलेल्या उद्योगांना त्यातून सूट दिली, तेव्हा आपल्या राज्यात काय लागू आहे ते मंडळाकडे विचारा. चालू आसवनीने असलेल्या संमतीपत्रात दुरुस्ती मागायची. नवा प्रकल्प किंवा क्षमतावाढ असेल तर 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी.

कुठलं पाणी कुठे वापरणार, हाच अर्जाचा गाभा. कंडेन्सरचं (मद्याची वाफ थंड करणाऱ्या यंत्राचं) पाणी फक्त तापलेलं असतं. ते थंड करून पुन्हा फिरवता येतं. स्पेंट लीज (दुसऱ्या ऊर्ध्वपातनानंतर भट्टीत उरणारं पाणी) त्यामानाने सौम्य, पण तांब्याच्या भट्टीतून येत असल्यामुळे त्यात तांबं उतरतं. म्हणून त्याची तपासणी हवीच, कारण तांबं वाढलं की प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मरतात. खरी डोकेदुखी स्पेंट वॉशची, म्हणजे आंबवलेल्या द्रवातून मद्य काढल्यावर उरणाऱ्या द्रवाची. त्यातला चोथा डिकँटरमध्ये (घन व द्रव वेगळे करणाऱ्या यंत्रात) वेगळा काढतात आणि उरलेल्या पातळ द्रवाचा काही भाग धान्य शिजवताना परत वापरतात. हे प्रमाण बेतानेच ठेवा; आम्लं साचत गेली की यीस्ट मंदावतं. बाकीचा द्रव बाष्पीभवन यंत्रात आटवायचा, आणि त्यातून मिळणारं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) शुद्ध करून कूलिंग टॉवरला द्यायचं. व्हिस्कीची तीव्रता कमी करायला मात्र पिण्यायोग्य पाणीच लागतं, तिथे पुनर्वापराचं पाणी दाखवू नका.

अर्ज मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. सोबत जोडायची कागदपत्रं: आधीचं संमतीपत्र व त्यातल्या अटींचा पूर्तता अहवाल, पर्यावरण मंजुरी, पाणी उचलण्याची परवानगी, उत्पादन प्रक्रियेचा आराखडा, प्रक्रिया केंद्राचं डिझाइन, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल (पीएच म्हणजे आम्लता, बीओडी व सीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किंवा रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन, आणि तांबं) आणि भांडवली गुंतवणुकीचं सीएचं प्रमाणपत्र. शुल्क साधारणपणे या गुंतवणुकीवरच ठरतं.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या ताळेबंदाला द्या. रोज किती घनमीटर आत आलं, किती वाफेत गेलं, किती परत फिरलं, हे आकडे जुळलेच पाहिजेत. कूलिंग टॉवरमधून उडून जाणारं पाणी धरायचं राहिलं, तर सगळं गणितच कोलमडतं. माझ्या मते हा तक्ता सल्लागारावर न सोपवता भट्टी चालवणाऱ्या माणसाला शेजारी बसवून करावा. मीटरचे आकडे त्यालाच ठाऊक असतात.

अर्जानंतर अधिकारी जागेवर पाहणी करतात. ‘शून्य विसर्ग’ (सांडपाणी बाहेर सोडणार नाही) लिहून दिलं असेल तर फ्लोमीटर आणि कॅमेरा बसवून त्यांची ऑनलाइन जोडणी द्यावी लागते. संमती नाकारली किंवा एखादी अट अन्यायाची वाटली, तर आदेश कळल्यापासून 30 दिवसांत कलम 28 खाली अपील करता येतं.