सातचा भोंगा वाजण्याआधी

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, तीनएक हजार वस्तीचं. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठचा दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. १५ ऑगस्ट २०२२ पासून हे सुरू झालं आणि पत्रकारांनी गावाची वाट धरली. बातम्यांचा सूर कौतुकाचा होता, थोडासा 'बघा, खेड्यातली माणसं काय काय करतात' असाही. पण हा भोंगा एकाएकी वाजलेला नाही. महाराष्ट्रातल्या घरांत टीव्ही-मोबाइलचा पडदा कसा शिरला, याची पन्नास वर्षं त्याच्यामागे आहेत. आणि त्या पन्नास वर्षांत मुलांनी काय पाहिलं यापेक्षा कधी, कुठे आणि कुणादेखत पाहिलं, हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास. मुलांसाठी 'किलबिल', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं', आणि सगळ्या घरादारासाठी 'छायागीत'. चाळीत संच एखाद्याच घरी असायचा. बाकीची पोरं दारात, खिडकीत, जमेल तिथे. तो संचही कसा, तर लाकडी पेटीत बसवलेला, पुढे सरकती शटरं, आणि बऱ्याच घरांत त्या शटरांना कुलूप. किल्ली आईच्या किंवा आजोबांच्या ताब्यात. टीव्हीने डोळे जातात, मुलांची अभ्यासावरची वासना उडते, ही तक्रार तेव्हाही होतीच. पण कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू व्हायचे आणि ठरल्या वेळी संपायचे. संपल्यावर पडद्यावर मुंग्या. मग पाहण्यासारखं काही उरायचंच नाही आणि मूल आपसूक उठायचं. त्याला उठवायला भोंगा लागत नव्हता.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. हे सगळं खरं, पण तेही आठवड्यातून एकदाच, आणि सगळ्या घराने मिळून. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आलं. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या छापून आल्या. मालिकेच्या शेवटी मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगणारा 'छोटी छोटी मगर मोटी बातें' हा भाग असायचा. आज मागे पाहताना जाणवतं ते एवढंच, की काय बिघडलंय हे बोट ठेवून दाखवता येत होतं. एक मालिका, तिचा एक निर्माता, तिचं एक नाव.

तोवर केबल घरात येऊन बसली होती. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची ओळख करून दिली, त्याच वर्षी स्टार आलं आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी. गच्चीवरून गच्चीवर, नारळाच्या झाडावरून विजेच्या खांबावर काळ्या वायरी लोंबू लागल्या. वाद रंगले ते संस्कृतीवर: एमटीव्हीवरचे कपडे, परदेशी मालिका, मराठी मुलांच्या तोंडची भाषा. १९९५ च्या केबल कायद्यातही मुख्य भर काय दाखवू नये यावरच. खरा बदल दुसराच होता. कार्यक्रम आता संपतच नव्हते. मराठी घरांनी त्यावर जो तोडगा काढला तो कुठल्या कायद्यात नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: 'यंदा दहावी आहे, केबल काढून टाकलीय.' बापाने केबलवाल्याला निरोप धाडायचा आणि मार्चनंतर पुन्हा जोडून घ्यायची. शटरच्या कुलपाचाच हा पुढचा अवतार.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण तालुक्याच्या गावातल्या मुलांचा हात माउसला लागला तो दोन वाटांनी. एक एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचा वर्ग, दुसरा सायबर कॅफे. पहिला प्रतिष्ठेचा, घरच्यांनी फी भरून पाठवलेला. दुसरा तासावर पैसे मोजून, मित्रांबरोबर. कॅफेत प्लायवूडच्या फळ्या मारून केलेली खोपटी असायची, कधी पुढे पडदाही. दहावी-बारावीचा निकाल बघायला सगळं गाव तिथे लोटायचं. एरवी पडद्याआड काय चालतं याची कुजबुज असायची.

ती कुजबुज २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. अल्पवयीन मुलांना कॅफेत अश्लील मजकूर सहज पाहता येतो, या तक्रारीवर न्यायालयाने एक समिती नेमली आणि तिचा अहवाल २००२ च्या सुरुवातीला आला. हा अहवाल आज पुन्हा वाचावा असा आहे. समितीने सरसकट बंदीची वाट धरली नाही. कॅफेत येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, वापराची नोंद ठेवा, आणि मुलांना खोपट्यात बसवू नका. सगळ्यांना दिसेल अशा मोकळ्या जागेतल्या संगणकावर बसवा, असा तिचा रोख होता. म्हणजे पडदा हटवा, चारचौघांत बसवा. समितीने जागेचा विचार केला होता, आणि मला तो अजूनही शहाणपणाचा वाटतो. त्याचं आयुष्य मात्र कमी ठरलं. पुढच्या दहाएक वर्षांत ते खोपटं मुलांच्या खिशातच आलं.

मधल्या काळात ऑर्कुट आलं, फेसबुक आलं आणि कट्ट्यावरचं बोलणं लिखित झालं. याचा अर्थ काय, हे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला कळलं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर शंका व्यक्त केली, तिच्या मैत्रिणीने ती पसंत केली, आणि दोघींना अटक झाली. कट्ट्यावर बोललेलं तिथेच विरून गेलं असतं. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामागे हे प्रकरणही होतं.

मोबाइल खिशात आला तरी काही वर्षं त्याला एक कुलूप होतं: पैशाचं. एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे, त्यामुळे व्हिडिओ सुरू करताना हात आखडायचा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, सुरुवातीचे काही महिने डेटा फुकट, आणि ते कुलूप गळून पडलं. त्याच सुमाराला पडद्याचं तळही नाहीसं झालं होतं. बोट सरकवत राहावं तसा मजकूर येतच राहतो, एक व्हिडिओ संपताच दुसरा आपण होऊन सुरू होतो, आणि पुढचा कुठला दाखवायचा हे आधी कशावर किती थांबलात त्यावरून ठरतं. मुंग्या आता कधी येतच नाहीत.

आपली चिंता मात्र शक्तिमानच्याच वळणाने जात राहिली: एक नाव शोधा, त्यावर बंदी घाला. २०१७ मध्ये मुंबईत एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि जिवावर बेतणारी आव्हानं देणारा म्हणून गाजलेल्या 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळाचं नाव घरोघरी पोचलं. केंद्र सरकारने त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितलं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितलं, की या खेळामुळेच मृत्यू झाल्याचं एकाही प्रकरणात सिद्ध झालेलं नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद झाली. कारण सुरक्षेचं होतं, तरी पोरं आता सुटली असं म्हणणारे पालक मी ऐकलेत. दहा दिवसही उलटले नव्हते, तोच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले.

आणि मग टाळेबंदी. आजवर मुलांच्या हातून मोबाइल काढून घेणाऱ्या शाळेनेच तो त्यांच्या हाती दिला. जून २०२० मध्ये महाराष्ट्रात वर्ष सुरू झालं ते शिक्षणासाठीचं सरकारी दीक्षा ॲप आणि व्हॉट्सॲप गटांवर. फोन नसलेल्या काही घरांनी कर्ज काढून तो आणला. सिंधुदुर्गात रेंजसाठी मुलं डोंगरावर जाऊन बसली. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीचे देशाच्या ग्रामीण भागाचे आकडे बघा: शाळकरी मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली २०१८ मध्ये ३६.५ टक्के, २०२१ मध्ये ६७.६ टक्के. शाळा उघडल्या तेव्हा फोन परत मागायला कुणी आलं नाही. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं, तर आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी फोनवर काही अभ्यास केला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं वापरली होती.

वडगावचा भोंगा शाळा पुन्हा उघडल्या त्या टप्प्यावरचा आहे. वर्ग सुरू झाले तरी मुलं पुस्तकाकडे वळेनात, अशी शिक्षकांची तक्रार. गावाने तेव्हा फक्त मुलांना बोल लावला नाही, हे विशेष. सात ते साडेआठ ही मालिकांची वेळ. घरातल्या बायकांनी टीव्ही बंद केला नाही तर पोराला अभ्यासाला बस म्हणणार कोण? म्हणून आधी बायकांशी बोलणं झालं, मग ग्रामसभा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरत होते.

२०२२ च्याच नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठराखालच्या मुलांना मोबाइल वापरायलाच मनाई केली. वयाची रेघ ओढणारी ही दुसरी वाट. देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, ती याच वळणाची. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली, आणि वय तपासण्याचा भार कंपन्यांवर टाकला.

वडगावात वय कुणी विचारत नाही. सात वाजता आजीची मालिकाही बंद होते आणि बापाचा मोबाइलही. भोंग्यामागे कायदा नाही, आणि साडेआठला तो पुन्हा वाजला की ज्याचा फोन त्याच्या हाती परत जातो.