लोकमान्यांचे कोर्टकज्जे: चळवळीच्या आड चाललेली लढाई

टिळकांचे राजद्रोहाचे खटले बहुतेकांना ठाऊक असतात. १८९७ चा पहिला, १९०८ चा दुसरा आणि त्यानंतरचे मंडाले. पण सगळ्यांत जास्त वर्षे त्यांच्या मानेवर बसला होता तो ताईमहाराज खटला. त्याचा उल्लेख चरित्रांत येतो आणि वाचणारा पान उलटून पुढे जातो. स्वातंत्र्यचळवळीच्या पुढाऱ्यावर नेमका कसला ताण असतो हे समजून घ्यायचे असेल, तर मला तोच खटला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याची सुरुवात एका स्नेह्याच्या शब्दाखातर झाली. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर 'केसरी'तल्या लेखनावरून टिळकांना १८९७ च्या जुलैत अटक झाली होती. ते जामिनावर सुटून आले आणि त्याच सुमारास पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित पटकीने अत्यवस्थ झाले. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना विश्वस्त नेमले. स्वतःवर राजद्रोहाचा खटला उभा असताना दुसऱ्याच्या इस्टेटीचे लचांड कोण गळ्यात घेईल? टिळकांनी घेतले. सप्टेंबरात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. मुदतीआधी, १८९८ च्या सप्टेंबरात सुटून आल्यावर त्यांनी हे काम पुन्हा हाती धरले.

बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज. १९०१ मध्ये औरंगाबादेत, टिळकांच्या संमतीने, जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेण्यात आले. थोड्याच दिवसांत ताईमहाराजांचे मन फिरले, किंवा फिरवले गेले, आणि त्यांनी कोल्हापूरचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. वारसा कोणाचा, हा खरे तर घरगुती, दिवाणी स्वरूपाचा तंटा. पण जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी विश्वस्तपदाचा दाखला रद्द केला आणि खोटी साक्ष, बनावट कागद अशा आरोपांसाठी टिळकांना फौजदारी कोर्टाकडे धाडले. १९०३ मध्ये खालच्या कोर्टाने त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. अपिलात शिक्षा कमी झाली, काही दिवस येरवडाही घडला, आणि १९०४ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले.

राजद्रोहाच्या शिक्षेने पुढाऱ्याची किंमत वाढते. लोक हार घेऊन तुरुंगाच्या दारात उभे राहतात. खोटी साक्ष दिल्याचा, विधवेच्या इस्टेटीत हात घातल्याचा डाग तसा नसतो. तो माणसाची अब्रू घेतो. टिळकांकडे ना संस्थान होते, ना सरकारी मानमरातब. 'केसरी'वर आणि त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता, त्यावरच सगळे उभे होते. सरकारने हे बरोबर हेरले होते. त्यामुळे टिळकांना हा खटला सोडून देण्याची सोयच नव्हती. वंगभंग, स्वदेशी, बहिष्कार, १९०७ मध्ये सुरतेला झालेली काँग्रेसची फाटाफूट, या साऱ्या धामधुमीत कागदपत्रे, वकील आणि तारखा चालूच होत्या. खटल्याच्या त्याच वर्षांत थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. 'केसरी'चा अंक मात्र दर मंगळवारी निघायचाच.

१९०८ च्या खटल्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे थोडक्यात आटोपतो. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बाँबनंतरचे 'केसरी'तले दोन लेख, टिळकांचे स्वतःचे अनेक दिवस चाललेले भाषण, ज्यूरीत सात विरुद्ध दोन, सहा वर्षे काळे पाणी. न्यायासनावर होते दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून तेच उभे राहिले होते.

मंडालेत त्यांना सुटे कागद मिळत नव्हते. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल, एवढीच परवानगी. १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' उतरले ते त्या वह्यांवर. पण त्याच काळात बाहेर काय चालले होते पाहा. १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाने दत्तकाचा दिवाणी निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचे हिंदुस्थानातील असंतोषावरचे पुस्तक निघाले. राजकीय खुनांचा संबंध टिळकांशी जोडताना त्याने ताईमहाराज प्रकरणही उकरून काढले. कोठडीतल्या माणसाने उत्तर द्यायचे कसे? १९१२ च्या जूनमध्ये पुण्याहून तार गेली की सत्यभामाबाई वारल्या. शेवटी आपण तिच्याजवळ नव्हतो, याचे दुःख त्यांनी भाच्याला लिहिलेल्या पत्रात आहे. मुलांच्या शिक्षणाची काळजीही तिथेच आहे. मधुमेह तोवर अंगात मुरलेला होता.

१९१४ च्या जूनमध्ये सरकारने त्यांना मध्यरात्री पुण्यात घरी आणून सोडले. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, हायकोर्टाचा निकाल फिरवून दत्तकाचा वाद टिळकांच्या बाजूने सोडवला. तोवर चौदा वर्षे गेली होती. १९१६ मध्ये साठी पूर्ण झाली म्हणून लोकांनी त्यांना एक लाखाची थैली दिली. ती त्यांनी देशकार्याला देऊन टाकली. त्याच दिवशी पोलिसांनी चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका मागणारी नोटीस बजावली. हायकोर्टाने तीही पुढे रद्द केली.

सगळेच ताण सरकारकडून येत नव्हते. १९१८ च्या मार्चमध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. टिळक तिथे अस्पृश्यतेविरुद्ध कडाडून बोलले. पण वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती केली नाही. सनातनी अनुयायांना दुखवायचे नाही, आधी स्वराज्य, हा त्यांचा जुना हिशेब होता. आगरकरांशी फाटले तेही मुख्यतः सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, याच वादावर. सरकारपुढे न वाकलेला हा माणूस आपल्याच माणसांपुढे थांबला, हे मला आजही बोचते, आणि ते झाकून त्यांचा मोठेपणा सांगावा असे वाटत नाही.

चिरोलवर अब्रुनुकसानीची फिर्याद लावण्यासाठी १९१८ च्या सप्टेंबरात ते विलायतेला निघाले. त्या वर्षी काँग्रेसच्या दिल्ली अधिवेशनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली होती, ते पद त्यांना घेता आले नाही. मालवीय अध्यक्ष झाले. लंडनच्या कोर्टात चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभा राहिला. त्याने टिळकांचे जुने लेख आणि जुने खटले एकेक करून ज्यूरीपुढे मांडले. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. खर्चाचा बोजा लाखांत होता आणि तो फेडायला देशात वर्गणी काढावी लागली.

टिळक विलायतेत असतानाच इकडे रौलट कायदा आला, गांधींनी सत्याग्रह पुकारला, जालियनवाला बाग घडली. नोव्हेंबर १९१९ मध्ये ते परतले तेव्हा चळवळीचा मोहरा बदलू लागला होता. डिसेंबरात अमृतसरच्या अधिवेशनात ब्रिटिशांनी देऊ केलेल्या माँटेग्यू राज्यकारभार-सुधारणांवर टिळक आणि गांधी यांची मते वेगळी पडली, आणि कशीबशी तडजोड झाली. टिळकांना त्यानंतर सात महिने मिळाले.