ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्याची खुर्ची नक्की कशाने जाते?

लियाम फॉक्सने १४ ऑक्टोबर २०११ ला राजीनामा दिला तेव्हा ब्रिटनचे सैनिक अफगाणिस्तानात लढत होते, लिबियावर विमानं जात होती आणि नौदलाची 'आर्क रॉयल' ही विमानवाहू नौका त्याच वर्षी निवृत्त केली होती. यातल्या कशानेही त्याची खुर्ची गेली नाही. ती गेली एका मित्राच्या व्हिजिटिंग कार्डापायी.

फॉक्स मूळचा स्कॉटलंडचा, पेशाने डॉक्टर, १९९२ पासून खासदार. २००५ मधे हुजूर पक्षाच्या नेतेपदाला उभा राहिला आणि कॅमेरून, डेव्हिस यांच्या मागे तिसरा आला. पक्षातल्या उजव्या, अमेरिकेवर जीव असलेल्या गटाचा हा लाडका, त्यामुळे २०१० ला सरकार आल्यावर पंतप्रधान झालेल्या कॅमेरूनने त्याला संरक्षण खातं दिलं, म्हणजे द्यावंच लागलं असं म्हणा. भानगडी तेव्हाही होत्याच. खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्यात त्याला २२ हजार पौंडांच्या वर रक्कम परत करावी लागली होती. मंत्री झाल्या झाल्या अफगाणिस्तानला तेराव्या शतकातला मोडका देश म्हणून बसला, काबूलमधे ते अजिबात आवडलं नाही. मग सप्टेंबर २०१० मधे त्याने पंतप्रधानांना लिहिलेलं खासगी पत्र फुटलं, त्यात संरक्षण बजेटच्या कपातीवर सरळ सरळ नाराजी. कपात झालीच, आणि तीही फॉक्सच्याच सहीशिक्क्याने. हॅरियर विमानं डिसेंबरमधे निवृत्त, आर्क रॉयल मार्च २०११ मधे निवृत्त, आणि त्याच मार्चमधे लिबियाची मोहीम सुरू! विमानवाहू नौका नाही म्हणून ब्रिटिश विमानं इटलीच्या तळावरून उडवावी लागली. आता ह्याच्यावर खरं तर रान उठायला पाहिजे होतं. थोडं फार उठलंही, पण खुर्ची हलली नाही.

मग आला अ‍ॅडम वेरिटी. फॉक्सच्या लग्नात तो बेस्ट मॅन होता, आपल्याकडचा करवला म्हणा हवं तर. एकेकाळी फॉक्सच्या लंडनच्या फ्लॅटमधे भाडं न देता राहिलेला. वय ३३, सरकारी नोकरी नाही, सुरक्षेची कसलीही परवानगी नाही, आणि खिशात कार्ड - संसदेचं चिन्ह छापलेलं, खाली 'लियाम फॉक्स यांचे सल्लागार'. १६ महिन्यांत हा माणूस संरक्षण मंत्रालयात फॉक्सला २२ वेळा भेटला आणि १८ परदेश दौऱ्यांत बरोबर सापडला. आपल्याकडे साहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर कोण बसतो हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत असतं आणि त्याला कोणी कार्ड मागत नाही, म्हणून सुरुवातीला मला हे प्रकरण फारच किरकोळ वाटलं होतं. पण तिथला नियम असा की मंत्री सरकारी कामाबद्दल बोलत असेल तर खात्याचा अधिकारी बरोबर पाहिजे, कारण काय बोलणं झालं, कोणाला काय शब्द दिला याची नोंद राहायला हवी. जून २०११ मधे दुबईच्या हॉटेलात फॉक्स एका उद्योजकाला भेटला, भेट वेरिटीने जुळवलेली, अधिकारी एकही हजर नाही. बातमी फुटली ती इथूनच.

पैसे कुठून येत होते हे बघायला लागल्यावर अजून गंमत झाली. 'अटलांटिक ब्रिज' नावाची एक धर्मादाय संस्था होती, १९९७ ला फॉक्सनेच काढलेली, मार्गारेट थॅचर मानद अध्यक्षा, ब्रिटनमधला कारभार वेरिटीकडे. धर्मादाय आयोगाने २०१० मधे सांगितलं की ही संस्था कसलं दानधर्माचं काम करते ते दिसत नाही, आणि सप्टेंबर २०११ मधे ती बंद झाली. दुसरीकडे वेरिटीच्या विमानाचे आणि हॉटेलचे पैसे एक कंपनी देत होती, तिच्यात काही श्रीमंत देणगीदारांनी पैसे घातलेले. कंपनीचं नाव पारगाव! मराठी माणसाला हसू येणारच, पैसे खरोखर परगावच्याच प्रवासाला जात होते. या प्रकरणाला एक धागा श्रीलंकेचाही होता. फॉक्सचं तिथलं नातं जुनं, १९९७ मधे परराष्ट्र खात्यात कनिष्ठ मंत्री असताना त्याने तिथल्या राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा आणि विरोधी पक्षनेते रनिल विक्रमसिंघे यांच्यात तमिळ प्रश्नावर एकमेकांना अडवायचं नाही असा करार घडवून आणला होता. करार टिकला नाही, फॉक्सच्या फेऱ्या टिकल्या. म्हणजे एका देशाचा संरक्षणमंत्री, एक सरकारी परराष्ट्र धोरण, आणि बाजूला मित्राच्या मदतीने चाललेलं दुसरं घरगुती धोरण अशी शंका यायला लागली.

कॅबिनेट सचिव गस ओडोनेल यांचा अहवाल राजीनाम्यानंतर चार दिवसांनी आला. फॉक्सने स्वतः पैसे खाल्ले असं काही त्यात नव्हतं, पण मंत्र्यांची आचारसंहिता मोडली हे स्पष्ट होतं आणि खात्यातल्या अधिकाऱ्यांनी वेरिटीबद्दल आधीच सावध केलं होतं हेही होतं. फॉक्सने ऐकलं नाही, एवढंच.

आता मागे जाऊ, कारण ही खोड जुनी आहे. १९६३ चं प्रोफ्युमो प्रकरण बहुतेकांना ऐकून माहीत असतं. जॉन प्रोफ्युमो युद्धमंत्री होता, म्हणजे लष्कराचा मंत्री, संरक्षणमंत्री वेगळा होता, खाती एकत्र झाली १९६४ मधे. क्रिस्टीन कीलर नावाच्या तरुणीशी त्याचे संबंध आणि तिची सोव्हिएत नौदलाच्या अधिकाऱ्याशीही ओळख. गुपितं फुटली का तर लॉर्ड डेनिंगच्या चौकशीत तसं काही सापडलं नाही. प्रोफ्युमो गेला तो मार्चमधे संसदेत उभं राहून खोटं बोलला म्हणून, जूनमधे कबूल करून राजीनामा.

याच्या उलट १९८२. फॉकलंड बेटांवर अर्जेंटिना चालून आली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी संरक्षणमंत्री जॉन नॉटने त्या समुद्रातली गस्तीची बोट काढून घ्यायचं ठरवलेलं! परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टन गेले, नॉटचा राजीनामा थॅचरबाईंनी घेतलाच नाही. इराक युद्धातही जेफ हून २००५ पर्यंत खात्यात टिकून होता.

सगळ्यात भारी प्रकरण मात्र वेस्टलँडचं, आणि त्याला आपला धागा आहे. योविल गावातली ही हेलिकॉप्टरची कंपनी १९८५ मधे बुडायला आलेली, कारण तिचं डब्ल्यू-३० हेलिकॉप्टर कोणी घेईना. वाचवायचं कोणी यावर मंत्रिमंडळात दोन तट पडले. संरक्षणमंत्री मायकल हेसेल्टाईनला युरोपियन कंपन्यांचा गट हवा, थॅचरबाई आणि उद्योगमंत्री लिऑन ब्रिटन यांचा कल अमेरिकन सिकॉर्स्कीकडे. हेसेल्टाईन गप्प बसणारा गडी नव्हता. मग त्याच्या पत्रात चुका आहेत असं सांगणारं सरकारी कायदे अधिकाऱ्याचं गोपनीय पत्र लिऑन ब्रिटनच्या खात्यातून मुद्दाम फोडलं गेलं. ९ जानेवारी १९८६ च्या बैठकीत बाईंनी फर्मावलं की वेस्टलँडवर जे बोलायचं ते आधी कॅबिनेट ऑफिसला दाखवून, यावर हेसेल्टाईन कागद गोळा करून उठला आणि भर बैठकीतून बाहेर पडून थेट कॅमेऱ्यांसमोर राजीनामा जाहीर केला. साधारण दोन आठवड्यांनी लिऑन ब्रिटनही गेला. थॅचरबाई थोडक्यात वाचल्या, पण नोव्हेंबर १९९० मधे पक्षाच्या नेतेपदासाठी त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तो हाच हेसेल्टाईन. बाईंना २०४, त्याला १५२, आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या आघाडीला बाईंना ४ मतं कमी पडली. पंतप्रधान तोही झाला नाही, ते जॉन मेजर झाले, पण बाई गेल्या.

आणि ते न खपणारं हेलिकॉप्टर? ते आपण घेतलं. ब्रिटनने मदत म्हणून ६.५ कोटी पौंड दिले आणि त्यातून आपल्या सरकारी पवनहंस कंपनीसाठी २१ डब्ल्यू-३० आली, मुख्यतः बॉम्बे हायसारख्या समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं ने-आण करायला. थॅचरबाईंनी राजीव गांधींकडे बराच आग्रह धरला होता. १९८८ मधे एक वैष्णोदेवीजवळ पडलं, १९८९ मधे एक नागालँडमधे, पुढे सगळी जमिनीवर उभी केली आणि उरलेली ९ लाख पौंडांना विकून टाकली. कोट्यवधींची मदत गंजत पडली, त्याबद्दल लंडनमधे कोणाची खुर्ची गेल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही. तीच योविलची कंपनी पुढे ऑगस्टावेस्टलँड म्हणून व्हीआयपी हेलिकॉप्टरच्या भानगडीत परत आपल्याकडे आली, ते वेगळं रामायण.

फॉक्सनंतरचं पटकन सांगतो. नोव्हेंबर २०१७ मधे संरक्षणमंत्री मायकल फॅलन गेला, वागणूक सैन्याकडून अपेक्षा करतो त्या दर्जाची नव्हती असं स्वतःच म्हणून, निमित्त बायकांशी केलेल्या गैरवर्तनाच्या तक्रारींचं. त्याच्या जागी गॅव्हिन विल्यमसन, ऑफिसात टॅरँट्युला कोळी पाळणारा, रशियाला निघून जा आणि गप्प बसा म्हणणारा. एप्रिल २०१९ मधे ब्रिटनच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतला, वावे या चिनी कंपनीला ५जी नेटवर्कमधे थोडं काम द्यायचा गुप्त निर्णय पेपरात आला, विल्यमसनचा त्या पत्रकाराशी ११ मिनिटांचा फोन झालेला, तो मुलांची शपथ घेऊन नाही म्हणत राहिला तरी पंतप्रधान थेरेसा मेंनी १ मे ला काढून टाकलं. ज्या निर्णयापायी एवढं रामायण झालं तो पुढच्याच वर्षी फिरवला, वावेवर बंदी आली. फॉक्स मात्र २०१६ मधेच व्यापारमंत्री होऊन परतला होता, विल्यमसनही तीन महिन्यांत शिक्षणमंत्री.

आणि मग फेब्रुवारी २०२२. ब्रिटिशांसाठी काम केलेल्या आणि तालिबानच्या भीतीने आसरा मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाण अर्जदारांची यादी संरक्षण खात्यातून चुकून बाहेर गेली. जीवाशी खेळ अक्षरशः. कळलं २०२३ मधे, तेव्हा खात्याने कोर्टातून असा मनाई हुकूम आणला की यादी फुटली हे छापायचं नाही आणि मनाई हुकूम आहे हेही छापायचं नाही. जवळपास दोन वर्षं हे चाललं, मधे दोन संरक्षणमंत्री बदलले, एक निवडणूक झाली, सरकार बदललं. जुलै २०२५ मधे हुकूम उठला तेव्हा संसदेत उभं राहून माफी मागितली ती नव्या सरकारचे संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी, जे यादी फुटली तेव्हा विरोधी बाकांवर बसले होते.