ईएमपी बॉम्ब: मोबाईलची नको, ट्रान्सफॉर्मरची काळजी करा

व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ अधूनमधून फिरत असतोच. आकाशात खूप वर कुठेतरी अणुबॉम्ब फुटतो, आवाज नाही, धूर नाही, आणि खाली सगळ्या गाड्या जागच्या जागी बंद, मोबाईल बंद, विमानं पडतायत, देश एका सेकंदात दीडशे वर्षं मागे. हे बघून काही लोक चक्क मोबाईल ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायला लागतात, आणि बाकीचे म्हणतात सगळी फेकाफेकी आहे. फेकाफेकी नाहीये. फक्त घाबरायची जागा चुकलीय.

ईएमपी म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींचा एक जबरदस्त झटका, आणि तो खरंच एका शहराने खाल्लेला आहे. हवाईच्या घड्याळाप्रमाणे ८ जुलै १९६२, रात्रीचे अकरा. अमेरिकेने पॅसिफिक समुद्रातल्या जॉन्स्टन बेटावरून थॉर रॉकेट सोडून १.४ मेगाटनचा बॉम्ब ४०० किमी उंचीवर फोडला, टेस्टचं नाव स्टारफिश प्राइम. होनोलुलू तिथून जवळपास १४०० किमी लांब. टेस्ट आधीच जाहीर केलेली, त्यामुळे लोक मजा बघायला हॉटेलच्या गच्चीवर जमले होते, आणि आकाश लाल-हिरवं झालेलं त्यांना दिसलं पण. पण त्याच क्षणी ओआहू बेटावरचे सुमारे ३०० रस्त्यावरचे दिवे गेले, चोरांसाठी लावलेले अलार्म आपोआप वाजायला लागले, आणि कवाई बेटाला फोन जोडणारी मायक्रोवेव्ह लिंक बंद पडली. झटका येणार हे शास्त्रज्ञांना माहीत होतं, पण इतका मोठा येईल असं कुणाच्याच गणितात नव्हतं, मोजणारी यंत्रंसुद्धा स्केलच्या बाहेर गेली.

अजून एक भानगड नंतर लक्षात आली. स्फोटातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि वर किरणोत्साराचा एक कृत्रिम पट्टाच तयार झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ त्यात खराब झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार, ज्याने अटलांटिकपार लाइव्ह टीव्ही दाखवला तो, फेब्रुवारी १९६३ पर्यंत कायमचा गप्प झाला. म्हणजे हे हत्यार वापरणाऱ्याचे स्वतःचे उपग्रहही जाणार.

आता हे होतं कसं? बॉम्ब फुटल्यावर गॅमा किरण सगळीकडे सुटतात, जे खाली येतात ते साधारण २० ते ४० किमी उंचीवर हवेच्या अणूंवर आपटतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन उडवतात. हे इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने निघतात, पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना सरळ जाऊ देत नाही, वळवतं, आणि वळणारा इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतो. असे अगणित इलेक्ट्रॉन एकाच वेळी एकाच दिशेला वळले की सगळ्यांच्या लहरी एकमेकींत मिळून एकच प्रचंड झटका होतो. कॉनरॅड लाँगमायर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ च्या सुमारास हे गणित मांडलं तेव्हा कुठे होनोलुलूचे दिवे का गेले ते कळलं. म्हणजे बॉम्ब नुसती काडी लावतो, पुढचं काम आपलीच हवा आणि आपल्याच पृथ्वीचा चुंबक करतो. आणि ४०० किमीवरून क्षितिज चारी बाजूंना सुमारे २२०० किमीपर्यंत दिसतं, त्यामुळे नागपूरच्या झिरो माइलच्या डोक्यावर असा स्फोट झाला तर काश्मीर, कन्याकुमारी, अरुणाचल सगळं टप्प्यात येतं. सगळीकडे सारखा जोर नसतो, पण येतं.

हा पहिला झटका, त्याला ई-वन म्हणतात, काही नॅनोसेकंदांत चढतो आणि वाईटात वाईट मीटरला ५०,००० व्होल्टपर्यंत जाईल असं धरतात. मग ई-टू, तो साधारण आकाशातल्या विजेसारखा, त्याच्यासाठी आपल्याकडे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारी उपकरणं) असतातच. आणि शेवटी ई-थ्री, हळू, अशक्त, पण मिनिटं-मिनिटं चालणारा, आणि माझ्या मते खरा व्हिलन हाच.

कारण याला लांब वायर लागते, आणि विजेचं जाळं म्हणजे लांब वायरीच. सोव्हिएत युनियनने २२ ऑक्टोबर १९६२ ला कझाकस्तानच्या वर २९० किमीवर ३०० किलोटनचा बॉम्ब फोडला (तोच दिवस ज्या दिवशी केनेडी टीव्हीवर येऊन क्युबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल बोलले, जग टोकावर होतं आणि हे लोक टेस्ट करत होते). खाली ५७० किमीची टेलिफोन लाइन होती, तिच्यातून हजारो अँपिअरचा करंट गेला आणि फ्यूज उडाले. हे ई-वनचं काम. पण अल्माटीकडे जाणारी १००० किमीची पॉवर केबल जमिनीखाली तीन फूट गाडलेली होती, शिसं आणि पोलादाने मढवलेली, ती पण बंद पडली, आणि तिला ई-थ्रीने पकडलं. कारागांडाच्या पॉवर स्टेशनला आग लागली ती वेगळीच. हे सगळं बाहेरच्या जगाला कळलं ते सोव्हिएत युनियन फुटल्यावर.

आपल्याकडेही जवळ कुठे वीज पडली की आधी वायफायचा मोडेम जळतो, टेबलावरचा मोबाईल मस्त चालू असतो, कारण मोडेमला बाहेरून लांब वायर येते. मोबाईल हाताएवढा, तो झटका पकडणार किती? चार्जिंगला लावलेला असेल तर मात्र घराची सगळी वायरिंग त्याला जोडलेली असते.

गाड्यांचं पण तेच. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या ईएमपी कमिशनने ३७ गाड्या सिम्युलेटरमध्ये घालून झटके दिले होते, मीटरला ३०,००० व्होल्टच्या आसपास गेल्यावर चालू असलेल्या तीन गाड्या बंद पडल्या, बाकी बहुतेकांना फारसं काही झालं नाही. त्या सगळ्या २००२ पर्यंतच्याच होत्या, आजच्या गाडीत कॉम्प्युटर जास्त असतात, त्यामुळे अगदी निर्धास्त राहू नका, पण व्हिडिओतला सीन काही खरा नाही.

ट्रान्सफॉर्मरकडे या. ई-थ्रीमुळे शेकडो किमी लांब ट्रान्समिशन लाइनमध्ये जवळजवळ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट घुसतो, तो अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो, आणि एसीसाठी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटसाठी, बनवलेला लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, मग ट्रान्सफॉर्मर गरम होतो, थरथरतो, लाइनमध्ये घाण सोडतो आणि सगळी प्रोटेक्शन सिस्टिम गोंधळते. हे बॉम्बशिवायही होतं, सूर्य फुकटात करून देतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकचा अख्खा ग्रिड (विजेचं जाळं) सौरवादळाने, म्हणजे सूर्यावरून आलेल्या कणांच्या लोटाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलल्याने, दीड मिनिटात आडवा झाला, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. तिथला खडक विजेला वाट देत नाही, मग करंट तारांतून जातो.

सौरवादळांच्या नोंदीत मुंबईचं नाव फार वर आहे बरं का. सप्टेंबर १८५९ चं कॅरिंग्टन वादळ, आजवर नोंदलेल्यांत सगळ्यात मोठ्यांपैकी एक, कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्यांनी रीडिंग घेऊन वहीत लिहीत होती, आणि चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्या करंटने रीडिंग बिघडणार, म्हणून वेधशाळा समुद्रापार अलिबागला हलवली, १९०४ पासून तिथे नोंदी चालू आहेत. सूर्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे क्वेबेकइतका तडाखा बसत नाही. पण बॉम्ब कुठे फोडायचा ते माणूस ठरवतो.

आणि आपला ग्रिड आता एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्हीची (७ लाख ६५ हजार व्होल्टची) लाइन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला. फायदे भरपूर, लोडशेडिंग कमी व्हायला मदत झाली, पण लांब तारांचं जाळंही तेवढंच मोठं झालं. जुलै २०१२ मध्ये निम्मा देश, ६० कोटींवर लोक, अंधारात गेले होते आणि साधारण एका दिवसात वीज परत आली, कारण ग्रिड नुसता ट्रिप झाला होता, जळलं काही नव्हतं.

जळलं तर किती, यावरच तर तज्ज्ञांची भांडणं आहेत. ईएमपी कमिशनवाले म्हणतात महिनोन्महिने, वर्षभरसुद्धा वीज येणार नाही. अमेरिकन वीज कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये सांगितलं की एखादा मोठा प्रदेश अंधारात जाईल पण ट्रान्सफॉर्मर थोडेच जातील. पहिल्यांना भीती दाखवून पैसा मंजूर करून घ्यायचा असतो, दुसऱ्यांना खर्च टाळायचा असतो, तेव्हा दोघांचंही सगळंच खरं धरू नका. मला दुसऱ्यांचं गणित जास्त पटतं, पण ई-वनने सबस्टेशनमधले डिजिटल रिले (बिघाड ओळखून लाइन तोडणारी उपकरणं) जातील हे तेही मान्य करतात.

बरं, असा बॉम्ब फोडणार कोण? रॉकेट कुठून उडालं ते लगेच दिसतं, आणि समोरच्याकडे अणुबॉम्ब असेल तर तो "फक्त दिवेच गेलेत" म्हणून गप्प बसणार नाही. म्हणून मला छोटी, अणुबॉम्ब नसलेली हत्यारं जास्त शक्य वाटतात. बोईंगने ऑक्टोबर २०१२ मध्ये युटाच्या वाळवंटात मायक्रोवेव्ह सोडणारं क्षेपणास्त्र एकामागून एक सात टार्गेटवरून उडवून आतले कॉम्प्युटर बंद पाडून दाखवले होते, इमारतींना धक्का नाही. अमेरिकन हवाई दलाने तसल्याच मायक्रोवेव्हने ड्रोनचे थवे पाडायच्या टेस्टही घेतल्यात. ह्यांचा टप्पा देशभर नाही, एखाद्या इमारतीपुरता, पण ती इमारत लोड डिस्पॅच सेंटर, म्हणजे कुठे किती वीज सोडायची ते सांभाळणारं केंद्र, असली तर?

उपाय काही जगावेगळे नाहीत. कंट्रोल रूमला धातूचं कवच, आत येणाऱ्या प्रत्येक वायरला फिल्टर, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमध्ये (अर्थिंगला जोडलेल्या टोकात) डीसी अडवणारं उपकरण, आणि वेळ आली तर ग्रिडचे तुकडे करून चालवायची तयारी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पेअर ट्रान्सफॉर्मर. मोठा ट्रान्सफॉर्मर दोन-तीनशे टनांचा असू शकतो, दुकानात मिळत नाही, ऑर्डर दिल्यावर यायला वर्षभर किंवा जास्तच लागतं, आणि आणायचा तर खास ट्रेलर, वाटेतले पूल तपासा, वीज खात्याच्या तारा वर उचला. तो आधीच यार्डात उभा असेल तर बॉम्ब असो, सूर्य असो, नाहीतर साधी आग, बदलायचं काम आठवड्यांत होतं.