कागदाच्या जाडीने 20 सेंटीमीटर: जुन्या मोसिनवर नवा स्कोप माउंट बसवताना

मोसिन-नागांत 91/30 या सोवियत रायफलीसाठी आता नव्याने बनवलेले पीयू स्कोपचे, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे, माउंट (ती रायफलला धरून ठेवणारा भाग) मिळतात आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं की स्क्रू आवळा, झालं. लोक आवळतात, आणि 100 मीटरवर गोळी निशाणाच्या कागदालासुद्धा लागत नाही. मग म्हणतात युद्धातल्या रायफलला तिच्याच स्कोपची सवय असते. लोखंडाला सवय बिवय नसते हो! कारखान्यात प्रत्येक माउंट त्या त्या रायफलवर जुळवून बसवायचे आणि मग स्कोपचा नंबर बॅरलवर ठोकायचे, त्या नंबरामागचं कारण एवढंच.

आता गणित बघा, मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. रायफलच्या बाजूला एक बेस असतो, दोन स्क्रू आणि दोन पिनांवर बसलेला. त्यावर स्कोप धरणारा माउंट, पुढे चेंडूसारख्या गोल टोकावर टेकलेला आणि मागे वर-खाली दोन स्क्रूंमध्ये पकडलेला. समजा पुढच्या आणि मागच्या टेकूत 50 मिमी अंतर आहे आणि मागचा टेकू 0.1 मिमीने बाहेर आहे, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. 0.1 भागिले 50 म्हणजे हजारात 2. तोच कोन 100 मीटरवर नेला की 20 सेंटीमीटर, 300 मीटरवर 60. स्कोप हलला कागदाएवढा आणि नेम चुकला वीतभर!

मग ड्रम (स्कोपवरची नेम सरकवायची खुणांची चकती) फिरवून दुरुस्त करू की, असं वाटतं. पीयूच्या बाजूच्या ड्रमवर दोन्हीकडे 10-10 खुणा आहेत, एक खूण म्हणजे रशियन हजारांश, वर्तुळाचे 6000 भाग केले तर त्यातला एक, 100 मीटरवर साधारण 10.5 सेंटीमीटर. म्हणजे आपला एक कागद जवळपास 2 खुणा खातो, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल तर ड्रम जवळजवळ संपलाच, वाऱ्यासाठी काही उरत नाही. वर या जुन्या स्कोपमध्ये ड्रम फिरवला की आतली नेम धरायची काडीच सरकते आणि सरकलेली दिसते. दृष्टिक्षेत्र साडेचार अंश, म्हणजे 75 हजारांश, मध्यापासून कडेपर्यंत साडेसदतीस, त्यात 10 सरकली तर काडी पाव वाटेच्याही पुढे गेलेली असते, आणि भिंगाची प्रतिमा कडेला मध्याइतकी चांगली नसतेच.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. रायफल रिकामी आहे ना ते आधी दोनदा बघायचं, बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढायचा, बाजूच्या ड्रमने काडी मध्यावर आणायची, बॅरलच्या नळीतून लांबचा एक ठिपका धरायचा आणि काडी त्या ठिपक्यावर येईपर्यंत माउंटच जुळवायचा. वर-खाली मागच्या दोन स्क्रूंनी होतं. डावं-उजवं मात्र कानशीनेच, शाई लावून कुठे टेकतंय ते बघत, किंवा पातळ पत्रा घालून. जास्त आवळून काही सरळ होत नाही, उलट माउंट पिळवटतो आणि धक्क्यांनी हळूहळू सुटतो, मग नेम रोज वेगळा.

आणि साधी, कधीच स्निपर नसलेली 91/30 असेल तर बेससाठी तिला भोकं पाडायच्या आधी खरंच थांबा, ती परत बुजवता येतात पण रायफल पुन्हा तशी होत नाही.