वॉलपेपरची खळ काढणे

वॉलपेपर उतरवल्यावर भिंतीवर राहिलेला खळीचा किंवा गोंदाचा थर रंगकामाआधी भिजवून, खरवडून आणि धुऊन काढण्याची क्रिया. रंगकामाच्या पूर्वतयारीतले हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे. खळ वाळली की बहुधा पारदर्शक होते. कागद निघाला म्हणजे भिंत मोकळी झाली असे वाटते आणि न दिसणारा थर तसाच राहून जातो.

त्याचा परिणाम रंग लावल्यावर कळतो. घरातील भिंतींचे बहुतेक आधुनिक रंग पाण्यात कालवलेले असतात. त्या पाण्याने खळ पुन्हा ओली होऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. वरचा रंगाचा पापुद्राही तिच्याबरोबर ओढला जातो. आधी केसासारख्या बारीक भेगा पडतात, मग पोपडे सुटतात. अशा वेळी दोष रंगाला दिला जातो, पण भेग खालून वर आलेली असते. पिष्टाची (स्टार्चची) खळ हे बुरशीचेही खाद्य आहे. एकोणिसाव्या शतकात हिरव्या वॉलपेपरांत आर्सेनिकयुक्त रंगद्रव्ये सर्रास असत. ओलसर भिंतीवरची बुरशी अशा रंगद्रव्यातून विषारी वायू तयार करू शकते, हे इटालियन शास्त्रज्ञ बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवले. त्यामुळे फार जुन्या घरातला कागद आणि त्याखालचा थर कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यताही असते. थर ओला ठेवूनच काढला, तर धूळ उडत नाही.

खळ कशाची आहे हे ठरवल्याशिवाय पाण्याची बादली भरू नये. पारंपरिक खळ गहू, मका किंवा बटाटा यांच्या पिष्टाची असते. ती गरम पाण्याने सैल होते. दुसरा मोठा वर्ग सेल्युलोजवर प्रक्रिया करून बनवलेल्या चिकटद्रव्यांचा आहे आणि इथेच अनेकांची फसगत होते. यातील मिथाइल सेल्युलोज गार पाण्यात विरघळते. पाणी तापवले, की साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे द्रावण उलट थिजते. म्हणून कढत पाणी ओतूनही थर हटत नसेल, तर गार पाणी मारून पाहावे. जड व्हिनाइल कागदाखालचा व्हिनाइल गोंद नुसत्या पाण्याला फारशी दाद देत नाही. मागचे आवरण सोलून चिकटवायच्या कागदाचा गोंद तर खळ नव्हेच. त्याला त्यासाठीचे द्रावक लागते किंवा हलकी ऊब देऊन तो सोलावा लागतो.

पिष्ट ओळखण्याची खूण सोपी आहे. आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब पडला, की पिष्ट निळे-काळे होते. ही अभिक्रिया १८१४ पासून ज्ञात आहे. मात्र जिप्सम बोर्डातही पिष्ट वापरतात, त्यामुळे उघड्या बोर्डावर ही खूण चकवू शकते. पिष्ट निश्चित झाले तर अमायलेज या विकराचे (एन्झाइमचे) द्रावण उपयोगी पडते. १८३३ मध्ये पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून वेगळे केलेले डायास्टेज ते हेच. ते पिष्टाची लांब साखळी तोडून तिचे लहान, विरघळणाऱ्या शर्करांत रूपांतर करते. ते कोमट पाण्यात कालवावे, कारण उकळत्या पाण्यात विकर निकामी होते. सेल्युलोजच्या खळीवर त्याचा काहीच उपयोग नाही. व्हिनेगर घातलेले पाणी वापरण्याची पद्धत आहे, पण त्यातले बरेचसे काम पाणीच करते. चुन्याच्या गिलाव्यावर व्हिनेगर टाळावे, कारण आम्ल चुना खाते.

कामाला लागण्यापूर्वी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा आणि जमीन झाकावी. एका वेळी हात पुरेल एवढाच भाग फवारून ओला करावा, दहा-पंधरा मिनिटे पाणी मुरू द्यावे, वाळू लागल्यास पुन्हा फवारावे. खळीचा लगदा झाला, की रुंद पत्र्याने तिरक्या हाताने तो उचलावा. मुरण्याची वाट न पाहता जोर लावला तर खळ राहते आणि गिलाव्यालाच चरे पडतात. त्यानंतरचे धुणे खरवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. स्पंज सतत पिळावा आणि पाणी गढूळ होताच बदलावे, नाहीतर तीच खळ पातळ होऊन भिंतभर पसरते. ओल्या भिंतीवरून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागले, तर आणखी एक धुणे बाकी आहे.

जिप्सम बोर्डाच्या भिंतीला हे सगळे जपून करावे लागते. तिचा पृष्ठभाग कागदाचा असतो. जास्त भिजला तर तो फुगतो आणि फाटतो. तिथे वाफेचे यंत्र टाळावे आणि फवारा हलका ठेवावा. फाटलेल्या जागेवर थेट लांबी भरल्यास ओलाव्याने फुगे येतात. आधी सुटे तंतू कापून ती जागा पाण्याविरहित प्राइमरने बंद करावी, मग लांबी भरावी.

भिंत किमान एक दिवस, दमट हवेत त्याहून अधिक, वाळू द्यावी. कितीही धुतले तरी सूक्ष्म छिद्रांत थोडी खळ राहतेच. त्यामुळे पहिला हात तेलाच्या किंवा लाखेच्या प्राइमरचा द्यावा. त्यात पाणी नसल्याने खाली उरलेली खळ पुन्हा जागी होत नाही आणि त्यावर पाण्याचा रंग निर्धास्त बसतो.