ड्रॉइंग पार्टीचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंग झालेलं, म्हणजे घासून साफ केलेलं कास्टिंग (ओतीव भाग) उजेडात फिरवून बघणारा एक जुना कामगार आहे. ब्लो-होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूनं पडलेलं भोक, दिसलं की खडूनं गोल करतो आणि रिजेक्शनच्या ढिगात टाकतो. आता त्याच्या टेबलावर एआयवाला कॅमेरा बसवायचं चाललंय.

हे एआय इथवर कसं आलं, ते कोल्हापूरच्या जॉबवर्कवाल्याला चटकन कळेल. ओतकाम आपलं असलं तरी ड्रॉइंग पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाचं असतं. एआयची पार्टी मात्र अधूनमधून बदलत गेली.

१९५६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात या विषयावरची पहिली मोठी बैठक झाली, तिला पैसा रॉकफेलर फाउंडेशननं दिला. पुढं कित्येक वर्षं तिथल्या संरक्षण खात्यानं प्राध्यापकांना पोसलं. २०१२ मध्ये टोरांटोचे प्राध्यापक जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी चित्रं ओळखायची स्पर्धा मारली, ती एनव्हिडियाच्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. पोरं गेम खेळायला घेतात तसलीच कार्डं. वर्षभरात गूगलनं त्या तिघांची छोटी कंपनी उचलली आणि २०१४ मध्ये लंडनची डीपमाइंड ही एआय कंपनीही.

एकाच घरात, म्हणजे गूगलकडं, सगळं जातंय, या धास्तीनं डिसेंबर २०१५ मध्ये सॅम ऑल्टमन, इलॉन मस्क वगैरेंनी ओपनएआय काढली. नफा कमवायचा नाही, असं ठरवून. सुरुवातीच्या पाठीराख्यांत आपली इन्फोसिसही होती, हे आज कुणाच्या ध्यानात नसतं. पण मोठं मॉडेल शिकवणं म्हणजे भट्टी पेटती ठेवण्यासारखं, देणग्यांवर किती दिवस चालणार? २०१८ मध्ये मस्क संचालक मंडळातून बाहेर पडले. २०१९ मध्ये संस्थेच्या पोटात नफ्याची कंपनी निघाली आणि मायक्रोसॉफ्टनं १ अब्ज डॉलर ओतले.

खरी परीक्षा झाली १७ नोव्हेंबर २०२३ला. ओपनएआयचं चॅटजीपीटी येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि संचालक मंडळानं प्रमुख असलेल्या ऑल्टमन यांनाच काढलं. कागदोपत्री मंडळाला तो अधिकार पुरेपूर होता. पण मायक्रोसॉफ्टनं ऑल्टमन यांना नोकरी देऊ केली, ७००हून जास्त कर्मचाऱ्यांनी आम्हीही जातो म्हणून सह्या केल्या. पाच दिवसांत ऑल्टमन परत खुर्चीवर आले आणि त्यांना काढणारे बहुतेक संचालक बाहेर गेले. माझ्या मते, मालक कोण हे त्या पाच दिवसांत जितकं उघडं पडलं, तितकं कुठल्याच करारातून कळलं नसतं.

आपल्याकडं मार्च २०२४ मध्ये केंद्रानं इंडियाएआय मिशनला १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. आकडा मोठा वाटतो, पण पाच वर्षांत विभागलेला आहे.

शिरोलीत कॅमेरावाल्यानं शिकवणीसाठी खराब कास्टिंगचे फोटो मागितलेत, खडूच्या खुणेसकट. ते फोटो पुढं कुणाच्या मालकीचे, हे मी पाहिलेल्या कोटेशनात कुठंच लिहिलेलं नव्हतं.